जाळ्याजोगी पिशवी

ज्वारी हुरड्याला आली की माझं लक्ष पिशव्यांकडे जायला लागतं. जालन्याच्या बाजारात दुकानांपुढं दोरीवर पिशव्या टांगलेल्या असतात. रेक्झिनच्या, कॅनव्हासच्या, वायरच्या विणलेल्या. मी चालता चालता थांबते, एखादी खाली काढते, उलटी करून तिची शिवण बघते, तळाला नाक लावते. दुकानातला पोरगा विचारतो, "ताई, कशाला पाहिजे? कॉलेजला का गावाला जायला?" मी विचारते, "हिच्यात हवा खेळते का?" तो मालकाकडे बघतो. मालक डोळ्यांनीच सांगतो, जाऊ दे.

पण प्रश्न खरा आहे. पिशवीत हवा खेळते का, ऊन शिरतं का, उंदीर शिरतो का, आणि बसमध्ये तिला आत जागा मिळते का, या चार प्रश्नांवर आमच्या घरातल्या एका बाईचा अख्खा हिवाळा तोललेला होता. नव्वदीचं दशक संपत आलं होतं. मी अंबडला अकरावीत होते. थंडी कोरडी होती, सकाळी ओठ फुटायचे, आणि कौसाआत्या कुंभार पिंपळगावहून आमच्याकडे आली होती ती डोक्यावर ओलसर गोणी आणि तोंडात एकच वाक्य घेऊन. "दत्तू, औंदा जाळं आतमधी बसून गेलं पाहिजे."

दत्तू म्हणजे माझे वडील. आम्ही जातीचे भोई, पण वडिलांनी पाणी कधीच सोडलं होतं. ते अंबडच्या एका छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचे. लग्नपत्रिका, पावती पुस्तकं आणि मुख्य म्हणजे पत्रकं. मोर्चाची, सभेची, पाण्यासाठीच्या धरण्याची, हुंड्याविरुद्धची, अंधश्रद्धेविरुद्धची. जी पत्रकं बिघडायची, शाई फासायची किंवा वाकडी छापली जायची, ती घरी यायची. चुलीजवळच्या फळीवर अंथरायला, पाठकोरी म्हणून लिहायला. मी अक्षरं ओळखायला शिकले ती त्यांच्यावरच. 'आई' वाचता येण्याआधी मला 'आवाहन' वाचता यायला लागलं. 'हक्क' हा शब्द मला माझ्या नावाइतकाच जुना वाटतो. त्याबद्दल मला हसणारे पुष्कळ भेटले. हसोत. जे पोर पाटीवर 'हक्क' गिरवून मोठं होतं त्याला गप्प बसायला शिकवणं जड जातं, हा त्या छापखान्याचा माझ्यावरचा उपकार आहे.

आता जाळ्याचं सांगते, म्हणजे आत्याचं वाक्य कळेल.

हिवाळ्यात गोदावरीचं पाणी उतरलं की आत्याच्या घरचे लोक जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, केदारखेड्याला जायचे. तिथं पूर्णेच्या डोहावर आत्याच्या सासरच्या भावकीचं मोठं जाळं लागायचं. हे मोठं जाळं एका कुणाचं नसतं. प्रत्येक घर आपापला तुकडा आणतं, तुकड्याला तुकडा बांधतात आणि या काठापासून त्या काठापर्यंत एकच लांब जाळं होतं. ज्याचा तुकडा ओळीत, त्याचा मासळीत वाटा. माणूस धडधाकट आहे का, म्हातारा आहे, बाई आहे का पुरुष, हे कुणी विचारत नाही. तुकडा विचारतात. मला हा नियम फार आवडतो. इतका सरळ नियम मी कुठल्याच पत्रकात वाचलेला नाही.

पण नियमाला दुसरी बाजूही आहे. एका घरचा तुकडा कुजका निघाला तर भोक त्याच्या एकट्याच्या जाळ्याला पडत नाही, सगळ्यांची मासळी त्यातून जाते. म्हणून ओळीला बांधण्याआधी भावकीतला जाणता माणूस प्रत्येक तुकडा हातातून काढतो, दोन अंगठ्यांनी जाळ्याचं घर, म्हणजे दोऱ्यांमधला चौकोन, ताणून बघतो. तुटलं तर तुकडा परत. एका हिवाळ्यात परत गेला तर समजून घेतात. सलग दुसऱ्या हिवाळ्यात गेला तर ती जागा दुसऱ्या घराला.

आणि आदल्या हिवाळ्यात आत्याचा तुकडा परत आला होता.

दोष कुणाचा म्हणायचा? आम्हा सगळ्यांचाच. माझ्या आज्याच्या वेळी जाळी सुती होती. सुती जाळं पाण्यातून काढलं की कडकडीत उन्हात टाकायचं, नाहीतर कुजायचं. ती सवय भोई वस्तीच्या अंगात इतकी मुरली होती की नायलॉन आलं तरी आम्ही त्याला उन्हातच टाकत राहिलो. दिवसच्या दिवस. छपरावर, बाभळीवर, कुडावर. नायलॉनला पाणी खात नाही, ऊन खातं, हे कळायला अख्ख्या वस्तीची जाळी कडक व्हावी लागली. मग कुणीतरी म्हणालं, उन्हात नको, गोणीत भरून ठेवा. ठेवली. ओलीच ठेवली. युरियाच्या प्लास्टिक गोणीत हवा नाही. गळ गंजले, दोर कुजले आणि वास असा सुटला की गोणी ओसरीत ठेवली तर पाहुणा अंगणातूनच माघारी फिरावा. तो वास घेऊन आत्या गाडीत चढायला गेली तेव्हा कंडक्टरनं गोणी टपावर टाकायला लावली. टपावर कुणाचा तरी लोखंडी नांगर होता. जालन्यापर्यंतच्या रस्त्यानं आपलं काम केलं. केदारखेड्याला गोणी उतरवली तेव्हा फाटक्या तळातून जाळं लोंबत होतं.

म्हणजे बघा. पिशवी चुकली म्हणून वास. वास म्हणून टप. टप म्हणून भोक. भोक म्हणून वाटा गेला. मोठमोठे अन्याय आपण मोठ्या अक्षरांत छापतो. पण बाईची जागा कधी कधी एका गोणीच्या तळातून निसटते आणि कुणाला पत्ताही लागत नाही.

त्यात औंदा मामा येणार नव्हते. आत्याच्या मालकांना आम्ही मामा म्हणायचो. त्यांच्या छातीला थंड पाणी बाधतं म्हणून डॉक्टरांनी डोहात उतरायला बंदी केली होती. आत्या एकटी जाणार होती, स्वतः विणलेला नवा तुकडा घेऊन. उन्हाळाभर सावलीत बसून तिनं तो विणला होता आणि निघताना गोदावरीत टाकून बघितला होता. तिची बोटं बोलताना थांबायची नाहीत, विणतानाही बोलणं थांबायचं नाही.

"सुमे," ती मला म्हणाली, "तू कागदं वाचती. सांग, जाळं कशात भरावं?"

कोणत्याच पत्रकात ते लिहिलेलं नव्हतं. आम्ही बाजाराला निघालो.

अंबडच्या आठवडी बाजारात बारदानवाल्यांची एक ओळ बसायची. बारदाना म्हणजे रिकामी पोती, गोण्या, थैल्या, जे काही एकदा भरून रिकामं झालंय ते सगळं. त्या ओळीत शिरलं की नाकानं सांगावं कुठं काय भरलं होतं. इथं साखर, इथं सरकी, इथं मिरची. मिरचीपाशी तर माणसं शिंकतच भाव करायची. ऊन कोवळं होतं. हुरड्याची राख लागलेली पोरं तोंड काळं करून फिरत होती. करीमचाचा पोत्यांच्या ढिगावर मांडी घालून बसले होते.

"काय पाहिजे बाई?"

"जाळं ठिवायला कायतरी द्या. सस्तं पाहिजे आन् बराबर पाहिजे."

"हे घ्या. सरकी पेंडीचं पोतं. बिलकुल मजबूत."

आत्यानं पोतं हुंगलं. "चाचा, पेंडीच्या वासावर सगळे उंदरं येतेल. माझ्या घरी काय उंदराचं लगीन हाय?"

चाचा हसले. "मंग ही युरियाची गोणी. एकदाच भरल्ती."

"तिनंच तर मला टपावर चढवलं."

"कांद्याची जाळी? हवा चांगली."

"जाळीत जाळं! काढायला बसले तर व्हळी येईल. घराला घर अडकून राह्यतं चाचा."

"वरून खर्चाही करायचा न्हाई म्हनता," चाचा म्हणाले. "बाई, तुमाला पिशवी न्हाई, जावई पाहिजे."

शेजारचा बारदानवाला खो खो हसला. आत्याही हसली, पण उठली नाही. ती ढिगात हात घालून एकेक कापड चाचपत राहिली. मी तिला त्या दिवसाइतकं हट्टी कधी पाहिलं नव्हतं. माणसं लग्नाचा शालू निवडतात तेव्हा त्यांच्या चिकित्सेचं कौतुक होतं. पोतं निवडणाऱ्या बाईला मात्र लोक म्हणतात, किती घोळ घालती. मला राग आला होता, तो राग मला अजून बरोबर वाटतो.

ढिगाच्या तळाशी कापडाची चळत लागली. जाड, पांढऱ्या, लहान लहान थैल्या. जालन्याचं बियाणं सगळ्या मुलखात जातं, ते ज्या कापडी थैल्यांत जातं, त्या. माझं अंग आक्रसलं. बियाण्याला विषारी औषध लावलेलं असतं, थैली दुसऱ्या कामाला वापरू नका, हे मी वाचलेलं होतं. मी ते मोठ्यानं बोलले.

"पोरगी हुशार हाय," चाचा म्हणाले. "पर डोळे उघडून बघ बेटा. कणीस कोणत्या रंगाचं हाय?"

थैलीवर छापलेलं बाजरीचं कणीस निळं होतं. आणि थोडं बाजूला सरकलेलं, सावलीसारखं दुहेरी. छपाई बिघडलेली. या थैल्यांत बियाणं कधी भरलंच गेलं नव्हतं. मी खिळे जुळवणाऱ्याची मुलगी. बिघडलेला छापा काय असतो ते मला कुणी सांगायला नको होतं. आत्यानं कापड तोंडाजवळ धरून फुंकर मारली. पलीकडे मी हात धरला होता. हवा आली.

"हेच," ती म्हणाली.

चाचांनी थैल्या मोजून बांधता बांधता एक सल्ला फुकट दिला. "शिवताना छापा भायेर ठिवा. कंडक्टर समजंल बियाणं हाय. बियाण्याला कोन टपावर टाकतंय?"

घरी येईपर्यंत मी पेटले होते. बियाण्याचं सोंग घेऊन आपलं जाळं का जावं? दुधाचे कॅन आत चढतात, कोंबड्या चढतात, लसणाची पोती चढतात. मग जाळ्यानं काय पाप केलं? मी वडिलांना म्हणाले, मी पत्रक लिहिते, तुम्ही छापा, स्टँडवर वाटू. वडील हात धूत होते. शाई त्यांच्या नखांतून कधी पूर्ण जायची नाही.

"कागद देतो," ते म्हणाले, "शाई देतो. खिळे म्या सोता जुळवतो. पर आधी अक्काचं जाळं पोचू दे."

"छापा बाहेर ठेवून?"

"तिला गाडीत बसायचंय सुमे. तुझ्या भाषणात न्हाई."

"दोघं गप बसा," आत्या म्हणाली. "पिशवी माझी हाय."

पुढची संध्याकाळ आणि त्यानंतरचा दिवस आम्ही शिवत बसलो. थैल्या उसवून कापड मोकळं केलं, एकाला एक जोडून मोठं केलं. तळाला युरियाच्या गोणीचा तुकडा लावला, खूप वेळा धुऊन, म्हणजे जमिनीची ओल वर चढायची नाही. आत्या शिवणाच्या दोऱ्याऐवजी जाळ्याच्या दोऱ्यानं शिवत होती आणि थोड्या थोड्या अंतरावर जाळ्यासारखी गाठ मारत होती. एक टाका तुटला तरी पुढचा उसवू नये म्हणून. आतून एक लहान कप्पा केला. त्यात गळ, जाळं बुडवायला जास्तीचं शिसं, विणायची बांबूची सुई आणि जुन्या रबरी चपला कापून केलेले तरंगते तुकडे. चपलेचे तुकडे पाण्यावर जाळं उचलून धरतात. आयुष्यभर पायाखाली राहिलेलं काहीतरी शेवटी वर तरंगतं, हे मला तेव्हा फार आवडलं होतं, आजही आवडतं.

शिवून झाली तेव्हा पिशवी समोर उभी राहिली. निळी कणसं बाहेरच्या बाजूला, चाचांनी सांगितल्यासारखी. आत्यानं आत हात घालून शिवण चाचपली. गाठींची सगळी बोंडं आतल्या बाजूला आली होती.

"न्हाई जमत," ती म्हणाली. "जाळं काढताना ह्या गाठीत घरं अडकतेल." आणि तिनं कोपरे धरून अख्खी पिशवी उलटी केली. गाठी बाहेर, गळांचा कप्पाही बाहेर, कणसं आत. बाहेरून नुसतं पांढरं, खडबडीत कापड. त्यावर काहीच लिहिलेलं नाही.

वडील म्हणाले, "अक्का, आता कंडक्टर इचारणार."

"मंग सांगू की."

तिनं ते जाळ्यासाठी केलं. तत्त्वासाठी केलं असं मी म्हणणार नाही. पण त्या दिवसापासून मला वाटत आलंय की चांगलं काम नीट करायला गेलं की पुष्कळदा सोंग आपोआप उलटं होऊन आत जातं.

निघायच्या आदल्या दिवशी जाळं सावलीत वाळवलं. कडुलिंबाखाली दोर बांधून, वारा लागेल असं. वाळलेल्या नायलॉनला काही वास नसतो, हे त्या दिवशी आम्हाला पहिल्यांदाच कळलं. इतकी वर्षं ज्याला आम्ही आमच्या धंद्याचा वास म्हणत होतो, तो ओल्या गोणीचा वास होता.

मी आत्याबरोबर जाणार होते. अंबडच्या स्टँडवर धुकं नव्हतं, धूर होता. हमालांनी उसाची चिपाडं पेटवली होती. गाडी लागली. दारात कंडक्टर उभा. आदल्या वर्षीचाच होता का ते मला सांगता येणार नाही, आत्याच्या मते तोच.

"ए बाई, काय हाय पिशवीत?"

माझ्या तोंडात सगळं पत्रक तयार होतं. आत्यानं माझा दंड धरला.

"जाळं," ती म्हणाली. नुसतं तेवढंच.

"टपावर टाका. वास मारतंय गाडीत."

"हात घाला."

"काय?"

"हात घाला साहेब. वल्लं लागलं, वास आला, तर म्या सोता टपावर फेकते. न्हाई आला तर आत घ्यायचं."

मागं माणसं खोळंबली होती. "जल्दी करा हो!" कुणीतरी ओरडलं. कंडक्टरनं नाडी सैल केली, हात घातला, बाहेर काढला, आणि सगळ्यांदेखत बोटं हुंगली. दुरडीत दोन कोंबड्या घेऊन उभा असलेला एक म्हातारा म्हणाला, "कंडक्टरसाहेब, माझ्या बायांपेक्षा साफ हाय ते. त्येला बसवा, ह्यांना टपावर घ्या." कोंबड्यांनी वेळेवर आवाज दिला. सगळे हसले. कंडक्टरही. त्यानं नाडी परत बांधून दिली, हे मी विसरणार नाही. "चढा. सीटखाली सारा."

आत्यानं सीटखाली सारली नाही. जाळं ओलांडायचं नसतं, आणि गाडीत येणारे-जाणारे पाय थांबत नाहीत. तिनं पिशवी मांडीवर घेतली, दोन्ही हातांनी. जालन्याला गाडी बदलली तेव्हाही तिनं ती मला दिली नाही. खिडकीतून ज्वारीची रानं पळत होती, कणसं पांढुरकी, मधेच हुरड्याचा निळा धूर. राजूरच्या पुढं तिला झोप लागली. हात सुटले नाहीत.

आता दर हिवाळ्यात मला ही गाडी आठवते. लिहायला बसले की लोक विचारतात, तुमच्या लिखाणात नुसती आग कशाला, थोडी आशाही दाखवा. वेगळी कुठून दाखवू, मी ती आत्याच्या मांडीवर बसलेली पाहिली आहे. ते स्टँडवरचं पत्रकही आम्ही पुढं छापलं. वडिलांनी शब्दाप्रमाणे खिळे स्वतः जुळवले. त्यात जाळ्याबरोबर बुरडाच्या टोपल्या आणि कुंभाराची गाडगीही आली, आणि त्यातला राग कमी नव्हता. फक्त खाली एक ओळ वाढली होती: जाळं सावलीत वाळवा, हवेशीर कापडात भरा. कुंभार पिंपळगावच्या वस्तीत आता घराघरात अशा उलट्या पिशव्या आहेत, आढ्याला टांगलेल्या. आज डोहावरच्या ओळीत बायांचे तुकडे पुष्कळ असतात. कुणी मोजत नाही, मोजायची गरज उरली नाही, याचाच मला आनंद आहे.

पण त्या हिवाळ्यात, गाडीतून उतरल्याच्या दुसऱ्या सकाळी, ओळीत एकच बाई होती. डोहावरून वाफ निघत होती. काठावर तुकडे पसरले होते आणि भावकीतले जाणते आबा उकिडवे बसून एकेक हातातून काढत होते. आत्यानं पिशवीची नाडी सोडली. जाळं अडकलं नाही, कुठं थांबलं नाही, पाण्यासारखं बाहेर आलं. आबांनी एक घर दोन अंगठ्यांत ताणलं. मग दुसरं, मग लांबचं एक, मग कडेचं. आत्या त्यांच्या अंगठ्यांकडे बघत होती. मी तिच्याकडे.

"नवं इणलंय," आबा म्हणाले.

"व्हय."

"दुरून आलं, तरी ताजं हाय. कुनाच्या नावावर बांधू? बाळूच्या?"

बाळू म्हणजे मामा. सगळी वर्षं तुकडा त्यांच्याच नावानं लागला होता. काठावरची माणसं आपापल्या गाठी मारत होती, कुणी वर पाहिलं नाही. आत्यानं डोक्यावरचा पदर मागं सारला.

"ते घरी हायेत," ती म्हणाली. "पान्यात म्या उतरून राह्यले. कौसाच्या नावावर बांधा."

आबांनी तिच्याकडे पाहिलं, मग जाळ्याकडे पाहिलं, आणि शेजारच्या तुकड्याचा दोर ओढून घेतला. "कौसाबाईचा तुकडा," त्यांनी ओळीला ऐकू जाईल असं सांगितलं आणि गाठ मारली. पलीकडून कुणीतरी दोर ताणून बघितला. गाठ बसली.

आत्यानं लुगड्याचा काष्टा घट्ट खोचला. पाणी गुडघ्याला लागलं तशी ती जोरात शहारली, एक शिवी हासडली, आणि हसत हसत पुढं गेली.